मणक्याला मार बसून चार महिने झाले, स्टेम सेलवर पैसे घालावेत का? जपान-स्वित्झर्लंडच्या बातम्या खऱ्या का?

देवगडचा_हापूस
नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ, वय २६, मेमधे आंबे उतरवताना झाडावरून पडला. डी-१२ चा (पाठीचा शेवटचा, कमरेच्या लगेच वरचा) मणका फुटला, दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात नेऊन स्क्रू-रॉडचं ऑपरेशन झालं पण कमरेखाली अजून काहीच हालत नाही, लघवीला नळी आहे, आता घरीच असतो. मावशीला कुणीतरी एका क्लिनिकचा नंबर दिलाय, ते म्हणतात स्टेम सेलची तीन इंजेक्शनं, साडेचार लाख, पोरगा चालेल. काका कलमांची बाग गहाण टाकायला निघालेत! आणि मी यूट्यूबवर बघतो तर जपानमधे माणूस उभा राहिला, स्वित्झर्लंडमधे चिप बसवून चालला, अमेरिकेत मशीनला परवानगी मिळाली. यातलं खरं किती नि ह्याच्या कामाचं किती? अजून एक, गावातले म्हणतात तेव्हाच स्टिरॉइड दिलं असतं तर पाय वाचले असते. मावशी त्यावरून रोज रडते.

हाडमोड्या
मी ऑर्थोवाला, सरकारी हॉस्पिटलात. पेशंट न बघता त्याच्याबद्दल बोलत नाही, बातम्यांबद्दल बोलतो.

स्टिरॉइडचं आधी, कारण मावशींचा प्रश्न आहे. १९९० मधे अमेरिकेतली एक मोठी ट्रायल आली आणि ८ तासांच्या आत मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड द्यायची जगभर पद्धतच पडली, मग लोकांनी तेच आकडे परत तपासले तर फायदा जेमतेम, वर इन्फेक्शन नि पोटातला रक्तस्राव, शेवटी २०१३ मधे अमेरिकन न्यूरोसर्जनांनी देऊ नका असंच लिहिलं. काही जण ८ तासांच्या आत एक पर्याय म्हणून अजून देतात. पण ते दिलं नाही म्हणून पाय गेले असं कुणीही म्हणू शकत नाही, हे मावशींना स्पष्ट सांगा.

खरोखर बदललंय ते ऑपरेशनच्या वेळेचं. २०२१ मधे लॅन्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात १५४८ पेशंटांची माहिती एकत्र करून छापली, २४ तासांच्या आत मज्जारज्जूवरचा दाब काढला त्यांची ताकद नि संवेदना वर्षानंतर जास्त सुधारलेली. तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी झालं, कोकणातून एवढ्या लवकर टेबलावर पोचणं म्हणजे घरच्यांनी चांगलीच धावपळ केली.

आता जपान. केओ विद्यापीठाने मार्च २०२५ मधे जाहीर केलेला प्रयोग फक्त ४ माणसांवरचा. आयपीएस पेशींपासून (मोठ्या माणसाच्या साध्या पेशी मागे नेऊन केलेल्या स्टेम सेल) बनवलेल्या पेशी, प्रत्येकाला २० लाख, त्याही मार लागल्यावर दोन ते चार आठवड्यांत सोडलेल्या. दोघांत सुधारणा दिसली, एक जण आधाराशिवाय उभा राहिला. पण तुलनेला पेशी न दिलेला गट नव्हता, नि सुरवातीच्या महिन्यांत काही पेशंट आपसूकही सुधारतात, मग श्रेय कुणाचं? प्रयोग चांगला आहे, फक्त तुमच्या भावाची ती वेळ टळून गेलीय.

अमेरिकेतलं मशीन (डिसेंबर २०२४ ची परवानगी) मानेला मार लागून हातांतली ताकद गेलेल्यांसाठी आहे, मानेवर कातडीवरून करंट देतात. ६० जणांच्या ट्रायलमधे ७२ टक्क्यांना हाताच्या ताकदीत नि कामात फरक पडला. भावाचे हात ठणठणीत आहेत ना, मग सोडून द्या.

स्वित्झर्लंडच्या लोझानचं, म्हणजे त्या चिपचं, प्रकरण मात्र भारी आहे, मेंदूतला सिग्नल उचलून खाली बसवलेल्या इलेक्ट्रोडला देतात. पण गोम अशी की ते इलेक्ट्रोड मज्जारज्जूचा कमरेकडचा भाग जागा करतात, तो शाबूत लागतो. डी-१२ पाशी रज्जू जवळपास संपतच आलेला असतो, मार नेमका तिथलाच असेल तर जागं करायला उरलं काय? तिथे चाललेल्या त्या डच माणसाचा मार मानेजवळचा होता. यूट्यूबवाला हे सांगत नाही.

चाकांवरची_पुणेकर
मी बरीच वर्षं व्हीलचेअरवर आहे. आमच्याकडूनही एका ठिकाणी असेच पैसे घेतले होते, नाव घेत नाही. काकांना म्हणावं बागेला हात लावू नका. आयसीएमआरच्या (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नियमांत सरळ लिहिलंय की अशा आजाराला स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमधेच, आणि ट्रायलमधे पेशंटकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. सीटीआरआय म्हणून ट्रायलची सरकारी नोंदवही आहे, ऑनलाइन फुकट दिसते, त्या क्लिनिकला नोंदणी नंबर विचारा नि काय उत्तर येतं बघा.

आणि कायमची नळी का ठेवलीय अजून? डॉक्टरांना विचारून दर चार-सहा तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकवा, हात चालतात तर जमेल. इन्फेक्शन कमी होतं, किडनी वाचते आणि पोरगा घराबाहेर पडतो. पडून असताना दोन तासांनी कूस बदलायची, खुर्चीत बसल्यावर मधेमधे हातावर जोर देऊन उचलून घ्यायचं, रोज आरशाने माकडहाडाची कातडी बघायची. कळत नाही म्हणून बेडसोअर (दाबाने पडणारी जखम) हाडापर्यंत जातो. मुंबईला हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे, तिथे दाखवा.

सह्याद्रीचा_वाघ
एवढं पण नाउमेद करू नका हो, आमच्या ओळखीत एकाला इंजेक्शनाने फरक पडलाय, मी डोळ्याने बघितलंय. अमेरिकेत मेयो क्लिनिकमधे पण स्टेम सेलने १० पैकी ७ जण सुधारले, छापून आलंय.

हाडमोड्या
@वाघ, २०२४ चा तो पेपर वाचलाय. पहिल्या टप्प्याची ट्रायल, मुख्य प्रश्न उपचार सुरक्षित आहे का एवढाच, तुलनागट तिथेही नाही. सुधारले म्हणजे एक किंवा जास्त ग्रेड वर गेले, सातही जण उठून चालू लागले असं नाही. पुढचे टप्पे होऊ देत, मीच पेशंट पाठवीन. साडेचार लाखांचं इंजेक्शन ते हेच आहे असं कोण म्हणतं पण?

देवगडचा_हापूस
खूप आभार सगळ्यांचे. काकांना आज रात्री वाचून दाखवतो. ग्रेड म्हणजे काय पण? डिस्चार्जच्या कागदावर नुसतं पॅराप्लेजिया (दोन्ही पाय लुळे) लिहिलंय.

हाडमोड्या
ए ते ई असते. ए म्हणजे मज्जारज्जूच्या सगळ्यात शेवटच्या नसांत संवेदना नाही नि हालचालही नाही, ई म्हणजे नॉर्मल. त्यासाठी गुदद्वाराजवळची संवेदना नि आकुंचन तपासावं लागतं, गर्दीत ते राहून जातं, पण पुढचा अंदाज बराचसा त्यावरच. पुढच्या खेपेला ती तपासणी करून कागदावर लिहूनच घ्या. एमआरआयचा रिपोर्ट असेल तर नाव-पत्ता झाकून इथे टाका.