गरम झाला की ट्रक बंद पडतो, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) बदलायचाच का?

जुनागडी
सहा सिलिंडरचं कॉमन रेल डिझेल इंजिन, २४ व्होल्टची गाडी, ईसीएम इंजिनाच्या अंगालाच बोल्टने आवळलेला. सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते. चढ लागून इंजिन तापलं की चावी काढल्यासारखी बंद. आचके नाहीत, धूर नाही. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा सुरळीत. स्कॅनरवर रेल प्रेशर (डिझेलचा दाब), बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), ऑइल प्रेशर असे बिघाडाचे कोड एकदमच येतात. मिस्त्री म्हणतो कॉम्प्युटर गेला, सेकंडहँड बघा. टाकीन, पण तो टाकूनही बंद पडली तर? आधी तपासून ठरवता येतं का?

वायरमनकाका
येतं. आणि तपासल्याशिवाय ईसीएम विकत घेऊ नकोस बाबा. मी वायरिंगचा माणूस आहे, त्यामुळे मला आधी वायरिंगच चोर वाटते हे धरून वाच.

वेगवेगळे सेन्सर एकाच वेळी मरत नाहीत. तू लिहिलेले तिन्ही तीन वायरींचे आहेत, त्यांना ईसीएमकडून ५ व्होल्टची लाइन जाते आणि ती बऱ्याचदा सामायिक असते. टेंपरेचरचा कोड नाही ना त्यात? तो सेन्सर दोन वायरींचा, त्याला ही लाइन लागत नाही. म्हणजे ५ व्होल्ट खाली बसतायत. एखादा सेन्सर आतून शॉर्ट असेल किंवा ब्रॅकेटवर घासून वायर सोलली असेल, तरी हेच दिसतं. गाडी तापलेली असताना मीटर त्या लाइनवर लाव आणि एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो गुन्हेगार. सगळे काढूनही आले नाहीत, तर सेन्सरकडची वायर ईसीएमच्या कपलरमधून सोडवून थेट त्याच्या पिनवर बघ. तिथेही नसतील तरच ईसीएमवर बोट ठेवायचं.

त्याआधी सप्लाय आणि अर्थिंग. इथे मीटर फसवतो. दहा तारांतली एक शिल्लक असली तरी मीटर २४ दाखवतो, कारण त्याला स्वतःला करंट लागतच नाही. हेडलाइटचा जुना बल्ब घे, ईसीएमचा पॉवर कपलर काढ, चावी चालू करून त्यातल्या प्लस आणि अर्थ पिनांमध्ये बल्ब जोड. लख्ख पेटला पाहिजे. पेटलेला असतानाच बॅटरीचं मायनस टोक ते अर्थ पिन असा व्होल्टेज मोज. पाव व्होल्टच्या वर गेला तर अर्थची पट्टी काढ, गंज खरवड, परत आवळ. प्लसकडेही तसंच, तिथे मेन रिलेचे पॉइंट जळलेले सापडतात. आणि पिनांत मीटरची जाड सुई घुसवू नकोस, पिना पसरतात आणि नवाच लूज कॉन्टॅक्ट होतो.

नोझलवाली
काकांशी सहमत, पण इंजिनाचे फेरे मोजणारा क्रँक सेन्सर विसरू नका. त्याचंही तापल्यावर आतलं कनेक्शन तुटतं आणि थंड झाला की शहाण्यासारखा चालतो. फरक ओळखायचा तर गाडी बंद पडलेली असतानाच स्कॅनर लावा. स्कॅनर ईसीएमशी बोलतोय आणि सेल्फ मारताना आरपीएम शून्य दाखवतोय, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर बघा. स्कॅनर जोडलाच जात नाही आणि चावी फिरवल्यावर चेक लाइटही पेटत नाही, तर सप्लाय किंवा ईसीएम. इंजिन थंड झाल्यावर ही तपासणी करून काही कळत नाही.

जुनागडी
काका, ताई, करून बघितलं. बल्ब लख्ख, अर्थ चांगला. बंद पडल्यावर स्कॅनर जोडला जात नाही, चेक लाइट नाही. आणि सेन्सरकडची सगळी वायर सोडवून थेट पिनवर मोजलं तर थंड असताना ५, तापल्यावर दीडच्या आसपास. ईसीएमवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकलं की आकडा नाचतो.

वायरमनकाका
मग गेला. आतलं सोल्डर तडकलंय किंवा पॉवरचा भाग तापल्यावर दगा देतोय. इंजिनावर बसलेल्या डब्याला ताप आणि थरथर दोन्ही सोसावं लागतं.

पण तो थंड असताना बोलतोय, हे तुझं नशीब. आजच त्याच्यातलं सगळं वाचून घे: कॅलिब्रेशन (इंजिन कसं चालवायचं त्याची सेटिंग), इंजेक्टरचे कोड (प्रत्येक इंजेक्टरच्या मापाचा नंबर), स्पीड लिमिट, इंजिनाचे तास. पूर्ण मेल्यावर हे मिळणार नाही. माझं मत विचारशील तर आधी बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे दे. तुझाच डेटा राहतो, इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणारं कुलूप) असेल तर चावीची भानगड टळते. सेकंडहँड घेतलास तर बाहेरून सारखा दिसतो म्हणून घेऊ नकोस. हार्डवेअरचा पार्ट नंबर जुळला पाहिजे, आणि आतलं कॅलिब्रेशन तुझ्या इंजिनाच्या हॉर्सपॉवरचं भरून घ्यावं लागेल.

नोझलवाली
इंजेक्टरचे कोड सिलिंडरच्या क्रमाने भरा. ते इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेले असतात, पण मागे कोणी इंजेक्टर बदलून जुनेच कोड ठेवले असतील तर ईसीएममधला आकडा चुकीचा निघेल, म्हणून दोन्ही ताडून बघा. कोड चुकले की आयडलला इंजिन लंगडतं आणि धूर मारतं, मग लोक नव्या ईसीएमला शिव्या देतात. प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला चार्जर लावून ठेवा. मध्येच व्होल्टेज पडला तर चांगला डबाही निकामी होऊ शकतो.

जुनागडी
बोर्ड दुरुस्तीला देतोय. एक विचारायचं राहिलं, फाळक्याच्या बिजागरीला वेल्डिंग करायचंय. ईसीएम बसवल्यावर करू की आधी?

वायरमनकाका
आत्ताच उरकून घे, तो बाहेर आहे तोवर. तरीही बॅटरीची दोन्ही टोकं काढ, एबीएसचा डबा असेल तर त्याचाही कपलर काढ, आणि वेल्डिंगचा अर्थ बिजागरीच्या शेजारीच लाव. चासिसच्या दुसऱ्या टोकाला लावशील तर करंट वाटेत कुठल्या बेअरिंगमधून जाईल सांगता येत नाही.