द्रवबिंदू, दवबिंदू आणि चंद्रावरची बुंदी

तळटीप : मुलांच्या विज्ञान मासिकासाठी एक लेख मराठीत आणतोय. अशनी, म्हणजे आकाशातून येणारा दगड, आदळला की खडक वितळतो, त्याचे शिंतोडे उडतात आणि हवेतल्या हवेत गोल होऊन थिजतात. हे बारीक गोळे, म्हणजे स्फेरूल, चंद्राच्या मातीत भरपूर सापडतात. मी त्यांना 'द्रवबिंदू' म्हटलं. मुद्रितशोधकांनी इमानेइतबारे सगळीकडे 'दवबिंदू' करून पाठवलं! 'वितळबिंदू' लिहिलं तर पोरं ते तापमान समजतील. काय लिहू?

मुळाक्षर : चंद्रावर हवा कुठली हो? 'हवेतल्या हवेत' आधी काढा. शब्द म्हणाल तर 'गुलिका'. आघातगुलिका. नेटका आणि घडीव.

रानजाई : गुलिका म्हटलं की मला काढ्याचं दुकान आठवतं. सरळ 'बुंदी' म्हणा की. झाऱ्यातून सुटलेला थेंब तेलात पडून टणक होतो. पीठ घट्ट झालं की तिला शेपूट फुटतं.

भूपृष्ठ : शेपटाचं उदाहरण चपखल आहे. हे गोळेही सगळे गोल नसतात. गरगरत उडालेला थेंब लांबट होतो, कधी डमरूसारखा मधे आवळतो, कधी अश्रूसारखा निमुळता होतो. लोणारला विवराबाहेर फेकल्या गेलेल्या मातीत असे काळे गोळे मिळालेत, बरेचसे मिलिमीटरहूनही लहान. त्यांत निकेल हा धातू आसपासच्या बेसाल्टपेक्षा, म्हणजे तिथल्या काळ्या खडकापेक्षा जास्त आहे, म्हणजे आदळणाऱ्या अशनीचा अंशही त्यांत मिसळलाय.

फुंकणी : आमच्याकडे सोनारकी. सोन्याच्या तारेचे बारीक तुकडे कोळशाच्या भुकटीत घालून तापवले की आपोआप गोल होतात. आजोबा त्याला 'रवा' म्हणायचे. लहानपणी मी एकदा ती भुकटी फुंकली. पुढचे दोन तास सगळं घर जमिनीवर ओणवं होतं. तर शब्द तयार आहे, 'रवा'. घडणही तीच, वितळायचं आणि स्वतःच्याच ओढीने गोल व्हायचं.

मुळाक्षर : चंद्रावरचा रवा! मुलं उपमा मागतील.

भूपृष्ठ : माझी अडचण वेगळी आहे. तूप रवाळ होतं तेव्हा त्यात कण धरलेले असतात. हे गोळे बहुतेक काचेचे. इतक्या झटकन थिजतात की स्फटिक धरायला वेळच मिळत नाही.

कोंड्याचा मांडा : एक विचारू का? अशनींत कॉन्ड्रूल नावाचे बारीक गोळे असतात ना? तो आपला 'कोंडा'च असणार. कोंडा, कोंड्रा, कॉन्ड्रूल. ग्रीक लोकांनी नेला असेल.

मुळाक्षर : ग्रीक 'कोंद्रोस' म्हणजे दाणा. कूर्चेलाही तोच शब्द. कोंडा दाण्यावरून काढून टाकतात, एवढं तरी बघा.

भूपृष्ठ : आणि कॉन्ड्रूल या धाग्यात ओढू नका. तेही वितळलेले थेंबच, १८७७मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक सॉर्बी यांनी त्यांना आगीच्या पावसाचे थेंब म्हटलं होतं. पण ते सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वीचे, आणि कशाने वितळले यावर अजून भांडण आहे. अपोलो १७ या चांद्रमोहिमेतले अंतराळवीर श्मिट यांना १९७२मध्ये दिसलेल्या नारिंगी मातीतले मणीही आघाताचे नव्हेत, ज्वालामुखीचे आहेत. 'आघातगुलिका' सगळ्यांना चिकटवलंत तर चूक होईल.

रानजाई : मग 'कणी' कशी वाटते? हिरकणीसारखी. काचकणी!

फुंकणी : कणी तुटून होते, थेंब सुटून होतो. कणीला धार असते. हिरकणी गिळून जीव देतात म्हणे, बुंदी गिळून कोण मेलंय?

गच्चीवरचा : अवांतर. पहिल्या पावसानंतर गच्चीच्या पन्हळीखाली लोहचुंबक फिरवला होता. चकचकीत काळे गोळे निघाले. आठवडाभर मी अशनीचा मालक होतो. मग कळलं, खालच्या मजल्यावर ग्रिलचं वेल्डिंग झालं होतं. ठिणग्याही थिजताना गोलच होतात. वेल्डर त्याला 'कचरा' म्हणाला. लेखात चालेल का बघा.

मुळाक्षर : लोकांच्या तोंडी आहे म्हणून काहीही घ्यायचं का? उद्या 'चंद्राचा कचरा' लिहाल.

रानजाई : 'अशनी' तरी तुमच्या लोकांच्या तोंडी कुठे आहे? आमची आजी पडलेल्या दगडालाही उल्काच म्हणायची.

मुळाक्षर : आजी चुकत होत्या, असं नम्रपणे नमूद करतो. पडताना उजळते ती उल्का, जमिनीवर उरतो तो अशनी.

रानजाई : आणि संस्कृतात अशनी म्हणजे वीज ना? मग त्या अर्थाने तुम्हीही चुकताच.

तळटीप : मंडळी, अंक उद्या छापायला जातोय. तूर्त 'काचमणी' केलंय.

फुंकणी : मणी? भोक कुठाय? भोक नसलेला मणी ओवणार कसा?

मुळाक्षर : नागमण्याला कुठे भोक असतं?

फुंकणी : तुम्ही पाहिलाय?