विषय: आजीच्या हातातला परदेशी खाऊ

प्रेषक: वैशाली (मिसिसागा, कॅनडा; सध्या माहेरी पंचवटीत)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हे घुसडतेय, रागावू नका.

परवा आईनं धुवायला म्हणून माझ्या लेकाची सॅक रिकामी केली. आतल्या कप्प्यात साखर घोळलेल्या लाल-हिरव्या गोळ्यांचं पाकीट निघालं. तिला वाटलं, नातवानं आणलेला खाऊ. मी रामकुंडावरून परत येतेय, तर आई उंबऱ्यात बसलेली आणि शेजारच्या चार वर्षांच्या पोरीच्या तळहातावर एक गोळी! पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली, तर गांजाच्या अर्काच्या गोळ्या! पोरीच्या मुठीतून ती गोळी ओरबाडूनच घेतली. पोरीनं भोकाड पसरलं. आई माझ्यावरच भडकली, "एका गोळीनं तू भिकेला लागणार होतीस का गं?"

लेक सोळाचा. म्हणे, "आई, तिकडे लीगल आहे." २०१८ पासून आहे, कबूल; पण आमच्या ऑन्टॅरिओ प्रांतात १९ पूर्ण झाल्यावर. शिवाय कायदेशीर पाकीट साधं, पोरांना सहज न उघडणारं असतं आणि अख्ख्या पाकिटात टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, १० मिलिग्रॅमच्या वर नसतं. ह्याच्यावर हसरं अस्वल होतं! म्हणजे माल चोरबाजारातला, हे कळलंच. आणि हे सगळं विमानातून भारतात आणलं, या विचारानं रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

मी आपली वर्षभर त्याच्या जॅकेटचा वास घेत बसले होते.

वैशाली

प्रेषक: शिरीष (न्यू जर्सी, मूळचा भद्रकालीचा)

वैशाली,

वासाचं बरोबर बोललीस. आमच्या लहानपणी गांजा म्हणजे सिंहस्थातली चिलीम. साधूंच्या तंबूंवरून नुसतं चालत आलं तरी शर्टाला वास लागायचा आणि घरी उलटतपासणी व्हायची. आता व्हेप-पेनातून अर्काची वाफ ओढतात नाहीतर गोळी चघळतात. आपली नाकं बाद.

एक मात्र सांगतो, 'सगळी पिढी वाया गेली' हे मंडळातलं आवडतं वाक्य आकड्यांत बसत नाही. इकडे दरवर्षी शाळांमधून मोठी पाहणी होते. वर्षभरात गांजा घेतला म्हणणारी बारावीची मुलं २०१९ ला ३५.७ टक्के होती, २०२४ ला २५.८. घेणारे घटले. पण माल कडक झाला: पकडलेल्या गांजात १९९५ च्या सुमारास टीएचसी ४ टक्के असायचं, हल्ली १५ च्या आसपास, पेनातल्या अर्कात त्याहून कितीतरी जास्त. गोळीचं आणखी निराळं. ती चढायला तास-दोन तास घेते. पोरांना वाटतं काहीच होत नाहीये, म्हणून दुसरी खातात.

आणि कुणीतरी 'महाशिवरात्रीला भांग चालते की' म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे आपल्याकडच्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर, म्हणून भांग सुटते. अर्काची गोळी सुटत नाही. व्हेप-पेनच्या विक्रीवर आणि आयातीवर तर २०१९ पासूनच बंदी आहे. सॅकेचे बाकीचे कप्पेही बघ.

शिरीष

प्रेषक: वैशाली

शिरीषदादा, बघितले. पेन नाही मिळालं. गोळ्या गरम पाण्यात विरघळवून टाकून दिल्या. लेक दोन दिवस खोलीबाहेर येत नव्हता; काल स्वतःहून म्हणाला, रात्री झोप लागत नाही म्हणून सुरू केलं. मी झोपेबद्दल कधी विचारलंच नव्हतं.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, त्या आंबट-गोड गोळ्या कुठे लपवल्यास म्हणून.