गांजाच्या केसमध्ये जामीन भेटते काय?

प्रश्न: काकाच्या पोट्ट्याले परवा उचललं, डिक्कीत ४ किलो गांजा होता म्हणते. सह्या घेतल्या पण अटकेचं कारण लिहून काहीच देल्लं नाही, अन् गावात सगळे म्हणते एनडीपीएसमध्ये (नशेच्या पदार्थांच्या कायद्यात) जामीनच नसते!

उत्तर १: काऊन नसते भाऊ? गांजा २० किलोच्या वर असला तर जामिनाले कडक अटी लावणारं कलम ३७ आडवं येते. ४ किलो मधातलं प्रमाण हाय. फक्त कलम २७अ (या धंद्याले पैसा पुरवणं किंवा आरोपीले आसरा देणं) लावलं काय ते एफआयआरमध्ये पाहा, लावलं असन तर मंग अवघड.

उत्तर २: अटकेची कारणं त्याले समजन अशा भाषेत लेखी द्या लागते, लगेच जमलं नाही तर रिमांडच्या (कोठडीसाठी कोर्टात उभं कराच्या) निदान २ तास आधी तरी, नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानंच सांगतलं. "कारणे समजावली" हे छापील वाक्य चालत नाही. रिमांडच्या कागदाची नक्कल काढा, वकिलाले दाखवा. सुटला तरी केस चालूच राह्यते, अन् कारणं देऊन पोलीस पुन्हा कस्टडी मागू शकते.

प्रश्नकर्ता: नक्कल उद्याच काढतो.