अमेरिकेत हक्क १७९१ चे, मग गरिबाला वकील १९६३ ला का?

एडिसनकर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे सिटिझनशिप टेस्टची तयारी चालू आहे, म्हणजे बायकोची, मी नुसता प्रश्न विचारतो. काल रात्री ओटा पुसता पुसता विचारलं पहिल्या दहा घटनादुरुस्त्यांना काय म्हणतात, ती म्हणाली बिल ऑफ राइट्स, झालं, पुढचा प्रश्न. तेवढ्यात लेक मधेच म्हणाली की बाबा, वकिलाचा हक्क सहाव्या दुरुस्तीत १७९१ पासून आहे ना, मग आम्हाला शाळेत गरीब आरोपीला फुकट वकील मिळवून देणारी गिडियनची केस शिकवली ती १९६३ ची कशी? १७२ वर्षं काय झोपले होते का सगळे? मला काही सुचेना, "उद्या शाळा आहे, झोप आता" म्हणून वेळ मारून नेली. कोणी साध्या भाषेत सांगेल का? लिंका नकोत प्लीज, वाचून डोकं उठलंय.

काळा_कोट
लेकीने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. गोम अशी आहे की ते दहा हक्क मुळात फक्त केंद्र सरकारला बांधायला होते, राज्यांना नाही. पहिली दुरुस्ती वाचा, सुरुवातच "काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) असा कायदा करणार नाही" अशी आहे. या दुरुस्त्यांचा मसुदा मांडणाऱ्या मॅडिसनला राज्यांवरही थोडी बंधनं घालायची होती, सेनेटने ते कलम उडवलं. आणि पोलीस, फौजदारी कोर्टं, तुरुंग हे सगळं बहुतेक राज्यांच्या हातात, म्हणजे जिथे माणसाला हक्काची गरज तिथेच हक्क लागू नाही!

यावर १८३३ ची केस आहे. बाल्टिमोर बंदरात बॅरन नावाच्या माणसाचा धक्का होता, चांगल्या खोल पाण्याचा. शहराने रस्त्यांची कामं काढली, ओढे वळवले, आणि वाहून आलेली वाळू धक्क्यापाशी इतकी साचली की जहाजं लागेनात. धंदा बसला. तो म्हणाला पाचव्या दुरुस्तीप्रमाणे भरपाई द्या. सुप्रीम कोर्ट म्हणालं ती दुरुस्ती केंद्रासाठी आहे, तुम्ही निघा.

मग सिव्हिल वॉर झालं आणि १८६८ ला चौदावी दुरुस्ती आली, की कुठलंही राज्य रीतसर कायदेशीर प्रक्रियेशिवाय कोणाचा जीव, स्वातंत्र्य, मालमत्ता घेणार नाही. पुढचा सगळा खेळ या एका वाक्यावर. त्यातून एकेक हक्क राज्यांना लागू होत गेला, एकदम नाही, एकेका केसने, रेशनच्या रांगेसारखं. १९२५ ला गिटलो नावाच्या, जहाल डावा मजकूर छापल्याबद्दल शिक्षा झालेल्या माणसाच्या केसमध्ये कोर्टाने भाषणस्वातंत्र्य राज्यांनाही लागू आहे असं धरलं, वर गिटलोची शिक्षा कायमच ठेवली, हे एक भारी.

आता वकिलाचं. सहाव्या दुरुस्तीचा अर्थ बरीच वर्षं "स्वतःच्या पैशाने वकील आणा, आम्ही अडवणार नाही" एवढाच होता. केंद्राच्या कोर्टात गरिबाला फुकट वकील १९३८ ला आला. राज्यात १९३२ पासून फाशीच्या केसपुरता, तोसुद्धा अलाबामात नऊ काळ्या पोरांवरच्या स्कॉट्सबरो खटल्यामुळे. बाकीच्यांना १९४२ ला कोर्टाने सरळ नाही म्हटलं.

आणि गिडियन! फ्लोरिडात पनामा सिटी, १९६१, एक पूल (बिलियर्ड्ससारखा खेळ) खेळायचा अड्डा फोडून चिल्लर आणि दारू चोरल्याचा आरोप. जज म्हणाला फुकट वकील फक्त फाशीच्या गुन्ह्यात मिळतो. गिडियन म्हणाला, सुप्रीम कोर्ट म्हणतं मला वकील मिळायला हवा. गंमत म्हणजे तो साफ चुकत होता, कोर्ट तेव्हा नेमकं उलटं म्हणत होतं. पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातल्या कागदावर पेन्सिलने अर्ज लिहून त्याने वॉशिंग्टनला पाठवला आणि १९६३ ला नऊच्या नऊ जजांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र ह्यूगो ब्लॅकचं, १९४२ ला विरोधी मत देणारे तेच. खटला परत चालला, या वेळी वकील होता, त्याने मुख्य साक्षीदारालाच उलटतपासणीत पार घोळात घेतलं, आणि ज्युरीने साधारण तासाभरात गिडियनला सोडलं.

तिरकस_काका
सगळं छान, पण कोर्टाला एवढे हारतुरे नकोत. चौदावी दुरुस्ती आणली होती ती मुख्यतः गुलामीतून सुटलेल्या लोकांसाठी. १८७३ ला लुईझियानात कोलफॅक्सला गोऱ्या जमावाने डझनावारी काळ्या लोकांना मारलं, त्यातल्या काहींना केंद्र सरकारने कोर्टात खेचलं, आणि १८७६ ला याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चौदावी दुरुस्ती राज्य सरकारला बांधते, खाजगी माणसांना नाही. आरोपी सुटले. म्हणजे ज्यांच्यासाठी औषध आणलं त्यांनाच ते मिळालं नाही जवळजवळ शंभर वर्षं. १७२ वर्षं झोपले नव्हते हो, झोपेचं सोंग घेतलं होतं.

काळा_कोट
काका, याला उत्तर नाही माझ्याकडे. पटलं.

सांगलीची_सून
आपल्याकडे हा घोळ नाही कारण घटनेच्या कलम १२ मध्येच 'राज्य' या शब्दात केंद्र, राज्य सरकारं, नगरपालिका सगळं घातलंय. पण फुकट वकिलाचं आपलंही उशिराच हं. एलएलबीला होते तेव्हा हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य ही १९७८ ची केस पाठ केली होती, बनावट डिग्रीचं प्रकरण, त्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी कैद्याला अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील हा कलम २१ चाच (जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क) भाग आहे असं म्हटलं. घटना लागू होऊन २८ वर्षं झाली होती तेव्हा. १७२ पेक्षा बरं म्हणायचं!

एडिसनकर
सगळ्यांचे आभार, सकाळी गाडीत लेकीला सगळं सांगितलं, बॅरनचा धक्का तिला फार आवडला. शाळा येईपर्यंत पुढचा प्रश्न तयार: मग आता दहाच्या दहा लागू आहेत का?

काळा_कोट
नाही. पाचव्या दुरुस्तीतली ग्रँड ज्युरी (खटला भरावा की नाही हे ठरवणारे सामान्य नागरिक) राज्यांना अजून लागू नाही, सातवीतली दिवाणी दाव्यातली ज्युरी पण नाही. आणि जबर दंडाविरुद्धचा हक्क राज्यांना लागू झाला तो २०१९ ला, इंडियानात एका माणसाची ४२,००० डॉलरची लँड रोव्हर जप्त केली होती त्यावरून. तिला म्हणावं थांब, रांग संपलेली नाही.