सप्ताहाचा मंडप आणि कलम १२३

बुवा-महाराजांना राजकारणावर बोलायलाच कायद्याने बंदी घाला असं काही जण म्हणतात, पण भाऊ कायदा आहेच की. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ बघा, धर्माच्या नावावर मत मागणं भ्रष्ट आचार धरलाय, आणि अमक्याला मत दिलं नाही तर देवाचा कोप होईल असं मतदाराला सांगणं पण त्यातच येतं. २०१७ ला सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध ३ ने सांगितलं की उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्म काढून मत मागितलं तरी चालणार नाही. ती केस मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९० च्या इलेक्शनची, म्हणजे बघा किती वर्षं गेली!

आता आमच्या जळगाव-धुळ्याकडे काय होतं, इलेक्शनच्या वर्षी सप्ताह जोरात बसतात, मंडप, साऊंड, वरण-बट्टीची पंगत सगळं इच्छुकाकडून, महाराज मताचा एक शब्द काढत नाहीत, फक्त काल्याच्या कीर्तनाला त्याला पुढे बोलवून नारळ देतात आणि गाव काय समजायचं ते समजतं. इथे कुठलं कलम लावणार? सगळे तसे नाहीत हां, काही जण पुढाऱ्याला तोंडावर सुनावतात, सरसकट बंदी आली तर पहिलं तोंड त्यांचंच बंद होईल.

माझा आक्षेप पैशावर आहे. उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब त्याच्या उमेदवारीपासून धरतात, तोवर या पंगती कधीच्याच उठलेल्या असतात.