अनुभव धागा : वायोमिंगच्या शेरीफच्या सहवासात

क्रेग जॉन्सन यांच्या वॉल्ट लाँगमायर मालिकेतील पहिली कादंबरी, 'द कोल्ड डिश', २००४ साली आली आणि २०२४ पर्यंत तिच्या २० कादंबऱ्या झाल्या. अमेरिकेतील वायोमिंग राज्यातल्या ॲब्सारोका या काल्पनिक काउंटीचा शेरीफ हा तिचा नायक. एवढी लांब मालिका आपण कोठे धरली, कोठे सोडली आणि खुनी कोण हे विसरल्यावरही काय लक्षात राहिले, ते सविस्तर लिहावे. रहस्य मात्र फोडू नये. सुरुवात मीच करतो.

शेरीफ म्हणजे आपल्याकडचा फौजदार, अशी समजूत करून घेऊन मी पहिली पन्नास पाने चुकीची वाचली. फौजदाराची बदली होते; हा माणूस दर ४ वर्षांनी त्याच लोकांकडे मत मागायला जातो, ज्यांच्या मुलांना त्याला बेड्या घालाव्या लागतात. या पहिल्या कादंबरीत चार तरुणांनी शायेन या मूलनिवासी जमातीतल्या एका मुलीवर अत्याचार केलेला असतो, शिक्षा नाममात्र झालेली असते आणि दोन वर्षांनी त्यांच्यापैकी एकजण गोळी लागून मेलेला सापडतो. मुलगी शेरीफच्या जिवलग मित्राची, हेन्री स्टँडिंग बेअरची, भाची. उरलेल्या तरुणांना वाचवणे हे शेरीफचे कर्तव्य ठरते आणि संशयाची सुई मित्राकडेही वळते. ही अडचण कळली, तेव्हा मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतले.

*

मी कोल्हापूरची. मला या पुस्तकांत अंतरांनी धरून ठेवले. वायोमिंगचे क्षेत्रफळ सुमारे २.५३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चार-पंचमांशाहून अधिक. आणि २०२० च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे ५.७७ लाख, म्हणजे जवळजवळ आमच्या शहराएवढी. रहस्यकथेचे गणितच त्यामुळे बदलते. संशयित सगळे ओळखीचे असतात, मदत मागितली तरी ती वेळेवर पोहोचेल याची खात्री नसते आणि रात्रीतून पडलेला बर्फ सकाळपर्यंत खुणा झाकून टाकतो. त्यातच नॉर्दर्न शायेन लोकांचे रिझर्व्हेशन, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेला प्रदेश, शेजारच्या मोंटाना राज्यात असल्यामुळे, तेथे गेल्यावर या शेरीफचा बिल्ला कामाचा राहत नाही. खून, बलात्कार यांसारखे रिझर्व्हेशनवरचे गंभीर गुन्हे १८८५ च्या कायद्याने केंद्राच्या अखत्यारीत गेले आहेत. 'हद्द कोणाची' हा आपल्या ठाण्यांतला सनातन प्रश्न तेथेही आहे, हे वाचून मनाला काहीसे समाधान वाटले.

*

इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण माझे लक्ष हेन्रीच्या बोलण्याकडे गेले. इतर पात्रे शब्द जोडून, तोडून बोलतात. हेन्री मात्र 'डोंट' न म्हणता 'डू नॉट' म्हणतो, प्रत्येक शब्द पूर्ण उच्चारतो. जॉर्ज गाइडॉल यांच्या आवाजातील श्राव्य पुस्तके ऐकताना ही लकब अधिकच जाणवते. त्याला मराठीत आणायचे कसे, याचा मी बरेच दिवस विचार केला. ग्रांथिक मराठी दिली, तर कादंबरीत बार चालवणारा हा माणूस बारचा मालक न वाटता व्याख्यानमालेचा वक्ता वाटेल. अजून उत्तर सापडलेले नाही.

*

मी सातव्या पुस्तकापासून, म्हणजे 'हेल इज एम्प्टी' (२०११) पासून सुरुवात केली, आणि तीही कळसूबाईच्या पायथ्याशी, बारी गावात पावसाने अडकलो असताना. पळालेल्या कैद्यांच्या मागावर शेरीफ क्लाउड पीकच्या बर्फात चढत जातो आणि सोबतीला इटालियन कवी दान्तेच्या नरकवर्णनाची प्रत असते. हे शिखर ४,००० मीटरपेक्षा थोडे अधिक उंच आहे; आमची कळसूबाई १,६४६ मीटरची. थकव्याने माणसाचे डोळे आणि कान कसे फसवू लागतात, हे जॉन्सन यांनी जितके खरे लिहिले आहे, तितका शेरीफचा मार खाण्याचा दम मला खरा वाटला नाही.

*

मी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेला वाचक; मालिका लांबली म्हणून तक्रार करणार नाही. मात्र तिसऱ्या पुस्तकात शेरीफ फिलाडेल्फियाला जातो आणि चौदाव्यात मेक्सिकोला. गावाबाहेर पडला की तो कोणत्याही थरारकथेचा नायक होतो. तेथेच मी थांबलो.

*

वरील मताशी मी निम्मी सहमत आहे, तरीही मालिका सोडवत नाही. जॉन्सन यांनी साधारणपणे प्रत्येक कादंबरीला एक ऋतू दिल्यामुळे चार पुस्तकांत शेरीफचे एकच वर्ष सरते. पहिले पुस्तक वाचले तेव्हा तो माझ्यापेक्षा वयाने मोठा होता. आज मी ६९ वर्षांची आहे आणि तो मला धाकट्या दिरासारखा वाटतो. मुलीकडे डेन्व्हरला गेले असताना आम्ही गाडीने वायोमिंगमधल्या बफेलो गावाला गेलो, कारण कादंबरीतले शेरीफचे ड्युरंट गाव त्याच्यावरूनच बेतलेले आहे. कादंबरीतला बिझी बी कॅफे तेथे खरोखरच आहे. बाहेर पडताना समोरून शेरीफ खात्याची गाडी गेली. लाँगमायरच्या कुत्र्याचे नाव डॉग असेच आहे. मी वाकून पाहिले, पण मागच्या सीटवर कोणी नव्हते.